गाडीच्या पोटाला तेल कशासाठी?

पळस्पे फाट्यावर रस्ते फुटतात. जुना मुंबई-पुणे रस्ता खोपोलीवरून बोरघाटाकडे जातो, गोव्याचा महामार्ग कर्नाळ्याच्या कुशीतून पेण, महाड गाठतो, आणि एक रस्ता जेएनपीटी बंदराकडे वळतो. त्यामुळे या परिसरातल्या गॅरेजांत घाटावरच्या आणि खाडीकाठच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. दोन्ही एकाच वर्षीच्या, एकाच कंपनीच्या असल्या तरी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्या की त्यांचं वय वेगळं वाटतं. पुण्याकडच्या गाडीचं पोट धुळीनं माखलेलं, पण पत्रा धड. रेवदंडा-मुरूडच्या गाडीच्या चाकावरची आतली कड मेकॅनिकनं स्क्रूड्रायव्हरनं टोचली, की चिखलाचा पोपडा पत्र्यासकट खाली येतो.

यात एक कोडं आहे. गंज चढायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, हे आपण शाळेत शिकलो. गाडीच्या टपाला दोन्ही भरपूर मिळतात, तरी टप वर्षानुवर्षं चकचकीत राहतं. याचं श्रेय रंगाला देता येईल. पण गाडीच्या खालच्या बाजूलासुद्धा उघडा, वारा लागणारा पत्रा बरा असतो, आणि जिथे चिखल घट्ट बसलाय, जिथे दोन पत्रे एकमेकांवर दाबून जोडलेत, जिथे हवा पोचणं कठीण, नेमका तिथेच पत्रा सडतो. हवेशिवाय गंज नाही, मग हवा सर्वांत कमी तिथे पत्रा सर्वांत जास्त का खाल्ला जातो? हे कळलं, की मे महिन्यात गाडीच्या पोटाला तेल का मारायचं, कुठे मारायचं आणि कुठलं मारायचं, हे आपोआप कळतं.

पत्र्यातून वाहणारी वीज

लोखंड गंजतं तेव्हा त्यात खरोखरच वीज वाहते. ओल्या पत्र्यावर एका ठिकाणी लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो, म्हणजे विरघळतो. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी जातात. तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना घेतो. पत्र्यातून इलेक्ट्रॉन गेले, तर पाण्यातून विद्युतभारित कण, म्हणजे आयन, फिरतात आणि मंडल पूर्ण होतं. विरघळलेलं लोह वाटेत ऑक्सिजनला भेटलं, की तांबूस गंज तयार होऊन खाली बसतो.

म्हणजे लोखंड विरघळण्याची जागा, ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो ती जागा, त्यांना जोडणारा पत्रा आणि त्यांना जोडणारं पाणी, अशा चार गोष्टी जुळल्या तरच गंज चढतो. पत्रा तर काढता येत नाही. तोडण्याजोगा दुवा एकच, पाण्याचा. पाण्यात मीठ असेल तर ते वीज चांगली वाहून नेतं आणि मंडल जोरात चालतं. शिवाय मिठातला क्लोराइड लोखंडावर संरक्षक थर टिकू देत नाही.

तयार झालेला गंजही स्वस्थ बसत नाही. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड धातूला घट्ट चिकटतं आणि पुढची झीज थांबवतं. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो, आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या जोडात तो भरला की पत्रे फाकवतो, आणि फाकलेल्या फटीत आणखी पाणी शिरतं.

थेंबाच्या मध्यावर खड्डा

आता कोड्याकडे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात एक अतिशय साधा प्रयोग केला. घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि पाहत राहायचं. काही तासांनी दिसतं ते असं: थेंबाची कड स्वच्छ राहते, मधोमध पोलाद विरघळून खड्डा पडू लागतो, आणि गंजाचं कडं या दोहोंच्या मध्ये उमटतं.

थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यावर थर जाड, तिथला ऑक्सिजन लवकर संपतो. मग कामाची वाटणी होते. ऑक्सिजन असलेली कड इलेक्ट्रॉन घेण्याचं काम करते, आणि ते पुरवण्यासाठी मध्यावरचं लोखंड विरघळत राहतं. ऑक्सिजन एका जागी खर्च होतो, पत्रा दुसऱ्या जागी झिजतो.

चाकावर बसलेल्या ओल्या चिखलाचं हेच होतं. चिखलाच्या कडेला हवा लागते, मध्यावरचा पत्रा तिची किंमत मोजतो. दोन पत्र्यांच्या जोडाचंही तेच. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन, आत झीज. म्हणून बाहेर दिसणारा तांबूस डाग म्हणजे खड्डा पडलेली जागा नव्हे. भोक बहुधा त्याच्या शेजारी, आत, झाकलेल्या भागात पडत असतं. दारांखालची पोकळ पट्टी, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, ब्रेकच्या पाइपला धरणाऱ्या क्लिपा, चाकावरच्या पत्र्याची दुमडलेली कड या सगळ्या जागा अशाच आहेत. गाडी विकत घेताना खालून मारलेला ताजा काळा रंग पाहून समाधान मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

इथल्या हवेत काय आहे

पोलादाला गंज चढायला पाऊसच लागतो असं नाही. ब्रिटनमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांच्या कामातून पुढे आलं, की हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की पोलादावर न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो आणि गंजाचं काम वेगानं सुरू होतं. पावसाळ्यात पनवेल-पेण पट्ट्यात आर्द्रता आठवड्यामागून आठवडे याच्या कितीतरी वर असते. पत्र्याला वाळायला वेळच मिळत नाही.

त्यात मीठ आलं की हिशेब आणखी बिघडतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात नेहमीच्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. खाण्याच्या शुद्ध मिठाला आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर पाणी सुटू लागतं. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे समुद्राच्या क्षारांचा पातळ थर बसलेला पत्रा डिसेंबरातल्या कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही ओलाच असतो. हाताला कोरडा लागतो, पण गंजाला पुरेल एवढं पाणी तिथे असतं. घाटावर एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली उतरते आणि पुण्याकडच्या गाडीला निदान उन्हाळ्याचे काही महिने सुटका मिळते.

पळस्पे समुद्रकाठी नाही, हे खरं. लाटांच्या तुषारांतून हवेत मिसळणारे क्षार किनाऱ्याजवळ सर्वांत जास्त असतात आणि आत येताना झपाट्यानं कमी होतात. अलिबागच्या किनाऱ्यावर उभ्या गाडीला जे भोगावं लागतं, ते पळस्प्याच्या अंगणातल्या गाडीला नाही. पण इथून जाणाऱ्या गाड्या मीठ गोळा करून आणतात. काशीदच्या वाळूत गाडी उतरवण्याची हौस, खाडीकाठच्या रस्त्यांवरचं खारं पाणी, मासळीच्या टेम्पोंतून ठिबकणारं बर्फाचं पाणी, हे सगळं गाडीच्या पोटालाच लागतं. टप पावसानं धुतलं जातं. पोट मात्र धुतलं जात नाही. त्यावर फक्त आणखी शिंतोडे उडतात.

पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ पासून वर्षानुवर्षं रखडलं. खड्डे, खडी आणि चिखल यांतून रोज जाणाऱ्यांच्या गाडीखालचा लेप दगडांनी टवके उडून जागोजागी उघडा पडला. गंजाला सुरुवात करायला एवढी जागा पुरते.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. आयएसओ ९२२३ हे आंतरराष्ट्रीय मानक हवेची गंजकारकतेनुसार वर्गवारी करतं. मधल्या ‘सी-३’ वर्गाच्या हवेत उघडं साधं पोलाद पहिल्या वर्षी २५ ते ५० मायक्रॉन झिजतं. खाऱ्या, दमट ‘सी-५’ हवेत ८० ते २०० मायक्रॉन. गाडीच्या फ्लोअरचा पत्रा असतो पाऊण मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ७५० मायक्रॉन. चिखलाखाली झीज सगळीकडे सारखी होत नाही, खड्डे पडत जातात, म्हणून भोक या सरळ हिशेबापेक्षा लवकर पडतं.

आजच्या गाड्या या बाबतीत जुन्यांपेक्षा पुष्कळ बऱ्या आहेत. सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणातून जातो, मग रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्यानं कानाकोपऱ्यात रंग बसवला जातो, आणि खालून पीव्हीसीचा लेप दिला जातो. बऱ्याच पत्र्यांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः आधी विरघळून लोखंडाला वाचवतं. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना फ्लोअरला नवा पत्रा मारून घेणं नेहमीचंच होतं. आता तसं नाही. पण जोड, क्लिपा, बोल्ट, सस्पेन्शनचे हात आणि ब्रॅकेटं यांना आजही एवढं संरक्षण नसतं. तेल हवं ते तिथे.

तेल हवा अडवत नाही

कोकणातल्या घरात पावसाळ्यात विळी धुऊन पुसली की पात्यावर तेलाचं बोट फिरवतात. एवढ्या पातळ थरानं दुसऱ्या दिवशीपर्यंत पातं स्वच्छ राहतं. गाडीखालच्या तेलाचं काम याच जातीचं आहे. मात्र ते का चालतं, याबद्दल शाळेतल्या प्रयोगानं आपला एक गैरसमज करून दिला आहे. खिळ्यांच्या त्या तीन परीक्षानळ्यांपैकी एकीत उकळलेल्या पाण्यावर तेल ओतलेलं असतं आणि ‘तेलामुळे हवा आत जात नाही’ असं आपण लिहितो. तिथे तेलाचा जाड थर असतो आणि प्रयोगही थोड्याच दिवसांचा. पत्र्यावरचा थर केसाएवढाही जाड नसतो. आणि मुख्य म्हणजे ऑक्सिजन खनिज तेलात पाण्यापेक्षा जास्त विरघळतो. हवेला ते फार काळ रोखू शकत नाही.

तेल रोखतं पाण्याला. पाणी आणि त्यातले आयन तेलात शिरत नाहीत, म्हणून दोन जागांना जोडणारा पाण्याचा दुवा तुटतो. ऑक्सिजन आला तरी मंडल पूर्ण होत नाही.

पण नुसतं तेल यासाठी पुरत नाही. धातूला पाण्याची ओढ तेलापेक्षा जास्त असते. ओल्या पत्र्यावर साधं तेल टाकलं तर पाणी त्याच्याखाली तसंच बसून राहतं. म्हणून गंजरोधक तेलात खास रेणू मिसळतात, उदाहरणार्थ कॅल्शियम सल्फोनेट. या रेणूचं एक टोक धातूला घट्ट धरतं, दुसरं तेलात राहतं आणि पाण्याला झिडकारतं. असे असंख्य रेणू पत्र्यावर दाटीनं उभे राहिले की पाण्याला धातूपर्यंत जागाच उरत नाही. काही मिश्रणं तर आधीचं पाणीही उचलून बाजूला सारतात. मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन हे नैसर्गिक मेणही याच कारणासाठी वापरतात. ते पत्र्याला चिकटून राहतं, वाळून कडक होत नाही.

दुसरा गुण सरकण्याचा. तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे ते पत्र्यावर थेंब धरून बसत नाही, पसरत जातं. दोन पत्र्यांच्या केसभर फटीत ते स्वतःहून ओढलं जातं, वरच्या दिशेनंसुद्धा. इव्हान्सच्या थेंबाचा मध्य असतो त्या जागेपर्यंत ब्रश पोचत नाही, रंग पोचत नाही. तेल पोचतं.

तिसरा गुण म्हणजे ते वाळत नाही. दगडाचा ओरखडा उठला तर शेजारचं तेल हळूहळू त्यावर येतं. मात्र याच गुणात त्याची मर्यादाही आहे. जे वाळत नाही ते धुपतं. चाकासमोरच्या उघड्या भागावरून ते पहिल्या मोठ्या पावसाळ्यातच बरंचसं निघून जातं, जोडांत मात्र टिकतं. म्हणून हे काम दर वर्षी करावं लागतं. कॅनडात ओंटारियो, क्वेबेककडे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तिथले पुष्कळ लोक हिवाळ्याआधी दर वर्षी गाडीला असं तेल मारून घेतात. आपल्याकडे तो मोसम पावसाळ्याचा.

डांबरी लेप का नाही?

आपल्याकडे ‘अँटी-रस्ट’ म्हणून बहुतेक ठिकाणी काळा रबरी किंवा डांबरी लेप मारतात. नव्याकोऱ्या, स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर तो नीट बसला तर दगडांचा मार झेलायला उत्तमच, आणि आवाजही कमी होतो. अडचण पुढे येते. वर्षा-दोन वर्षांत तो कुठेतरी तडकतो. तडकलेल्या जागेतून पाणी आत जातं आणि लेपाखाली अडकतं. आता तिथे ओल आहे, हवा कमी आहे, आणि बाहेरून काळाभोर, धडधाकट थर दिसतोय. चिखलाखाली जे घडत होतं तेच लेपाखाली घडतं, आणि गाडी वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

गंज चढलेल्या पत्र्यावर हा लेप मारणं तर सरळ नुकसानीचं. ओल आणि क्षार आत कोंडून वर झाकण बसवल्यासारखं होतं. जुन्या गाडीला माझं मत तेलाच्या बाजूनं आहे. ते गंजाच्या छिद्रांतही मुरतं आणि त्याचा वेग कमी करतं. गेलेला पत्रा मात्र कुठलंही तेल परत आणत नाही, आणि सांगाड्याचा भार वाहणारा भाग खाल्ला गेला असेल तर आधी वेल्डिंग, मग तेल. हा क्रम उलटा झाला तर पोकळीतलं तेल वेल्डिंगच्या ठिणगीनं पेटू शकतं. पुढे कधीही खालून वेल्डिंगचं काम निघालं, तर कारागिराला तेल मारल्याचं आवर्जून सांगावं.

जळक्या ऑइलचा जुना उपाय

ट्रकवाल्यांमध्ये एक उपाय फार जुना आहे. इंजिनातून काढलेलं काळं, जळकं ऑइल डिझेलमध्ये पातळ करायचं आणि चेसिसवर, पाट्यांवर फवारायचं. त्यानं काहीच होत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तेल ते तेल, पाणी ते काही काळ दूर ठेवतंच.

पण वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं, ओल आणि धातूचे कण असतात. गंज रोखणारे घटक बरेचसे खर्ची पडलेले असतात. डिझेल आणि खनिज तेल नैसर्गिक रबराला फुगवतं, आणि सस्पेन्शनचे बुश बहुधा त्याच रबराचे असतात. वाचवलेल्या पत्र्याच्या बदल्यात बुश गेले तर उपयोग काय? त्याहून मोठी गोष्ट माणसाची. जळक्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात. फवारा उडवणारा पोरगा गाडीखाली, बहुतेक वेळा मास्कशिवाय, हातमोज्यांशिवाय उभा असतो. आणि जे पत्र्यावरून गळतं ते पहिल्या पावसात गाढी नदीकडे, खाडीकडे जातं. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यातच मोडतं. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. स्वस्त पडतं म्हणून ही पद्धत चालू ठेवणं मला मान्य नाही.

चौकट : तेल मारून घेताना

वेळ : मे महिना. पत्रा पुरता वाळलेला हवा. धुतल्यावर निदान एक दिवस उन्हात जाऊ द्यावा.

आधी : दाबाच्या पाण्यानं चाकांच्या आतला चिखल काढावा, सुटा गंज तारेच्या ब्रशनं खरवडावा.

कुठे : पत्र्यांचे जोड, दुमडलेल्या कडा, दारांखालची पोकळी, स्टेपनीच्या खड्ड्याची खालची बाजू, ब्रेक पाइपच्या क्लिपा, बोल्ट.

कुठे नाही : ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि ड्रम, सायलेन्सर, पट्टे, रबरी बुश, टायर. हे भाग आधी झाकून घ्यावेत.

विजेवरची गाडी : बॅटरी आणि नारिंगी केबलींच्या आसपास उत्पादकाला विचारल्याशिवाय काहीही फवारू नये.

मारून घेतल्यावर

पोकळ भागांत तेल सोडायला काही जण पत्र्याला भोकं पाडतात. नव्या गाडीला हे करू देऊ नये. कारखान्याचा रंग तिथे फुटतो आणि गंजाबाबतची हमीही जाऊ शकते. बहुतेक पोकळ्यांना मुळातच पाणी निचरायची छोटी भोकं असतात. लांब नळीचा फवारा त्यांतून आत जातो. काम झाल्यावर ती भोकं मोकळी आहेत ना, हे तारेनं तपासून घ्यावं. डांबरी लेपानं ती बुजलेली गाडी म्हणजे आत पाणी साठवणारी गाडी.

पहिले एक-दोन दिवस गाडी ठिबकते, वास येतो, आणि तेलावर धूळ बसते. धुळीनं घाबरायचं कारण नाही. तेलात भिजलेली धूळ पाणी धरत नाही, उलट थर जागेवर राहायला मदतच होते. मात्र तेल मारल्यानंतर लगेच खालून दाबाच्या पाण्यानं धुऊन घेऊ नये. वॉशिंग सेंटरवर मुलं सवयीनं फवारा खाली वळवतात. त्यांना आधीच सांगावं. किनाऱ्यावरून आल्यावर धुवायचं असेल तर साध्या, कमी दाबाच्या पाण्यानं, साबणाशिवाय.

पाऊस संपल्यावर दिवाळीच्या सुमारास एकदा गाडी रॅम्पवर घ्यावी. चाकासमोरचा भाग कोरडा पडलेला दिसेल, त्यात वावगं काही नाही. बोट जोडांवर आणि दुमडलेल्या कडांवर फिरवून पाहायचं. बोट तेलकट झालं तर पुढच्या मेपर्यंत काही करायला नको. कोरडं आलं, तर सगळी गाडी पुन्हा फवारायची गरज नाही. तेवढ्या जोडांत तेल सोडलं की पुरतं.